‘४६, एक्सएक्स, नॉर्मल’ हा अहवाल नेमका कोणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६ वर्षे. दोन गर्भपात झाले, पहिला आठव्या आठवड्यात आणि दुसरा नवव्या. पहिल्या वेळी क्युरेटिंग झाले, पण गुणसूत्रांची तपासणी झाली नाही. दुसऱ्या वेळी नमुन्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून गुणसूत्रे पाहिली गेली आणि अहवाल आला, ‘४६, एक्सएक्स, नॉर्मल’, म्हणजे ४६ गुणसूत्रे, त्यांत दोन एक्स, जशी स्त्रीच्या पेशीत असतात. त्यावरून सांगण्यात आले की गर्भ निरोगी होता, म्हणजे दोष आईच्या रक्तात किंवा प्रतिकारशक्तीत असला पाहिजे. तेव्हा पुढच्या वेळी सुरुवातीपासूनच हेपॅरिनची (रक्त गोठू न देणारे औषध) इंजेक्शने, प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवण्यास मदत करणारे संप्रेरक) आणि पतीच्या पांढऱ्या पेशींची ‘लस’ घ्यावी. हे कितपत बरोबर आहे, आणि पेशींवर चाललेल्या नव्या संशोधनाचा अशा वेळी काही उपयोग होतो का, असे तुम्ही विचारले आहे.

आधी मुद्द्याचे सांगते. या अहवालावरून तुमचा गर्भ निरोगी होता असे म्हणता येत नाही. तो अहवाल गर्भाचा असू शकतो, तसाच तो तुमच्या स्वतःच्या पेशींचाही असू शकतो, आणि कागदावर हे दोन्ही अक्षरशः सारखे दिसतात. ही गोष्ट ठरल्याशिवाय त्यावर उभा केलेला उपचारांचा डोलारा मी स्वीकारणार नाही आणि तुम्हीही स्वीकारू नये.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि माझ्या कामाचा बराच काळ गर्भपाताचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेला आहे. त्यामुळे हा घोटाळा कुठे होतो ते जवळून दाखवू शकते. क्युरेटिंगमधून आलेला नमुना सलाईन घातलेल्या बशीत पसरला की पहिल्या नजरेला फक्त रक्ताच्या गुठळ्या दिसतात. त्या धुऊन काढल्या की दोन प्रकारचे तुकडे उरतात. एक प्रकार जाडसर, चपटा, करड्या-गुलाबी रंगाचा असतो. ते आईच्या गर्भाशयाचे बदललेले अस्तर, ज्याला डेसिड्युआ म्हणतात. दुसरा प्रकार पांढरा, नाजूक आणि फांद्या फुटलेला असतो. पाण्यात सोडला की शेवाळासारखा पसरून तरंगतो. ते कोरिऑनिक व्हिलाय, म्हणजे होऊ घातलेल्या वारेचे अंकुर. गर्भाची गुणसूत्रे या दुसऱ्या प्रकारातच मिळतात. भिंगाखाली बारीक चिमट्याने एकेक फांदी सोडवायची, तिला चिकटलेला आईच्या अस्तराचा पदर खरवडून काढायचा, पुन्हा धुवायचे, पुन्हा पाहायचे. घाईत हे काम होत नाही. अनेकदा नमुन्यात व्हिलाय मुळात फारच थोडे असतात आणि मिळेल तो तुकडा कल्चरला, म्हणजे पेशी वाढवायला, लावण्याचा मोह होतो.

पुढची अडचण इन्क्युबेटरमध्ये होते. सोनोग्राफीत ठोके थांबलेले दिसण्याआधीच गर्भाची वाढ कित्येकदा आठवडा-दोन आठवडे थांबलेली असते. तोवर व्हिलायमधल्या पेशी थकलेल्या, अर्ध्या मेलेल्या असतात. त्यांच्या शेजारी चुकून राहिलेल्या आईच्या मूठभर पेशी मात्र ताज्या आणि जोमदार असतात. दहा-बारा दिवसांनी बाटलीच्या तळाशी जो थर वाढलेला दिसतो, तो आईच्याच पेशींचा असू शकतो. तंत्रज्ञ त्यातील वीसेक पेशींची गुणसूत्रे मोजतो, प्रत्येकीत ४६ भरतात, दोन एक्स दिसतात, आणि तो प्रामाणिकपणे ‘४६, एक्सएक्स’ असे लिहितो. त्याच्या मोजणीत काहीच चूक नसते. समोर आलेल्या पेशी कोणाच्या, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो.

अहवाल ‘४६, एक्सवाय’ आला असता तर ही शंका उरली नसती, कारण वाय गुणसूत्र आईकडे नसते. ‘४७’ किंवा ‘४५’ आला असता तरी शंका नव्हती. संशयास्पद निकाल एकच, आणि नेमका तोच तुमच्या हातात आहे. एखाद्या प्रयोगशाळेच्या वर्षभराच्या ‘नॉर्मल’ निकालांत एक्सएक्सचे प्रमाण एक्सवायपेक्षा खूपच जास्त असेल, तर तिथे आईच्या पेशी नमुन्यात मिसळत आहेत हे समजावे. कारण नॉर्मल गुणसूत्रांचे मुलगे आणि मुली गर्भपातांत इतक्या विषम प्रमाणात नसतात.

हे ओळखण्याचा मार्ग अवघड नाही. आईचे थोडे रक्त घेऊन तिच्या डीएनएमधील काही ठरावीक खुणा नमुन्यातील डीएनएशी ताडून पाहायच्या. सगळ्या खुणा तंतोतंत जुळल्या तर नमुना आईचाच. निम्म्या जुळून निम्म्या वेगळ्या निघाल्या तर तो गर्भाचा. आता बऱ्याच ठिकाणी पेशी न वाढवताच नमुन्यातून थेट डीएनए काढून प्रत्येक गुणसूत्राचे प्रमाण मोजणारा मायक्रोअ‍ॅरे केला जातो. त्यात पेशी जिवंत असण्याची गरज पडत नाही, हा त्याचा मोठा फायदा. एसएनपी प्रकारचा (डीएनएमधील एकेका अक्षराचे फरकही वाचणारा) अ‍ॅरे असेल तर आईची भेसळही उघड होते आणि गुणसूत्रांचे तीन पूर्ण संच असलेला गर्भही ओळखता येतो. साध्या तुलनात्मक अ‍ॅरेमध्ये असे तीन संच निसटू शकतात. मात्र कोणत्याच अ‍ॅरेला गुणसूत्रांची समतोल अदलाबदल दिसत नाही, कारण तिथे डीएनएचे एकूण माप बदललेले नसते.

या एका अहवालावर मी इतका वेळ का घालवते आहे, ते समजण्यासाठी स्त्रीबीजाकडे वळावे लागेल.

पहिल्या तिमाहीत होणाऱ्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्या किंवा त्याहून अधिक गर्भांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली आढळते. सोळाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत हा सर्वात जास्त आढळणारा तिहेरीपणा आहे आणि तसा गर्भ जन्मापर्यंत पोहोचत नाही. ही चूक बहुतेक वेळा स्त्रीबीजात होते, आणि तिचे मूळ विलक्षण जुने असते. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची स्त्रीबीजे अर्धगुणसूत्री विभाजन (गुणसूत्रे निम्मी करणारे विभाजन) सुरू करतात, गुणसूत्रांच्या जोड्या एकमेकींना बिलगतात, आणि तिथेच सगळे काम थांबते. मग ते बीज पंधरा, पंचवीस, चाळीस वर्षे त्याच अवस्थेत वाट पाहते. ज्या महिन्यात ते बाहेर पडायचे असते, त्याच महिन्यात थांबलेले काम पुन्हा हाती घेतले जाते.

इतकी वर्षे गुणसूत्रांना एकत्र बांधून ठेवते ते कोहेसिन नावाच्या प्रथिनाचे कडे. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे की ही कडी जन्माआधीच बसवली जातात आणि नंतर त्यांची नव्याने भर पडत नाही. वय वाढते तशी ती झिजतात, गळतात. जोडी वेळेआधीच सैल झाली की दोन्ही बाजूंना एकेक गुणसूत्र जाण्याऐवजी वाटणी चुकते. त्यात भर म्हणजे गुणसूत्रांना ओढून नेणारी तर्कुतंतूंची चौकट मानवी स्त्रीबीजात फार सावकाश उभी राहते. २०१५ साली मेलिना शू यांच्या गटाने जिवंत मानवी स्त्रीबीजांचे सूक्ष्मदर्शकातून तासन्‌तास चित्रीकरण केले. ही चौकट तयार व्हायला सुमारे १६ तास लागतात आणि त्या काळात ती अनेकदा डळमळते, आकार बदलते, असे त्यांना आढळले. शरीरातल्या इतर पेशींत चौकटीचे दोन खांब रोवणारे सेंट्रोसोम असतात. स्त्रीबीजात ते नसतात.

हे वाचताना कृपया एक गोष्ट मनाशी पक्की करा. ही वाटणी चुकली असेल, तर ती गर्भधारणेच्या आधीच्या काही तासांतच चुकली. नंतर तुम्ही काय उचललेत, कुठला प्रवास केलात, किती वेळ उभ्या राहिलात, कोणत्या चिंतेत होतात, यांतल्या कशाचाही त्या चौकटीशी संबंध नाही. माझ्यासमोर बसलेल्या जवळपास प्रत्येक बाईने आपल्या कुठल्या ना कुठल्या कामाला दोष दिलेला असतो, आणि मी तो दोष तिच्या हातून काढून घेण्यासाठी हे सगळे जीवशास्त्र सांगत असते.

सगळेच वयावर ढकलता येत नाही, हेही तितकेच खरे. एकच एक्स गुणसूत्र असलेला गर्भ, म्हणजे ‘४५, एक्स’, हा गर्भपातात वारंवार दिसणारा प्रकार आईच्या वयाबरोबर वाढत नाही. त्यात बहुतेक वेळा वडिलांकडून येणारे लिंगगुणसूत्र हरवलेले असते. तीन संचांचे काही गर्भ एका बीजात दोन शुक्राणू शिरल्यामुळे तयार होतात. पण एकंदर कल स्पष्ट आहे. नॉर्वेतील नोंदींवर आधारित आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात गर्भपाताचा धोका २७ व्या वर्षी सर्वात कमी, सुमारे १० टक्के, आणि ४५ वर्षे व त्यापुढे ५३ टक्के आढळला. ३६ व्या वर्षी दोन्ही गर्भांत गुणसूत्रांच्या दोन वेगवेगळ्या चुका झालेल्या असणे ही अजिबात दुर्मीळ गोष्ट नाही. आणि गर्भात अशी चूक सापडली तर पुढच्या गर्भधारणेबद्दलचा अंदाज, गर्भ नॉर्मल असूनही गर्भपात झालेल्या बाईपेक्षा, अधिक आशादायक असतो. त्यामुळे तुमच्या बाबतीत ‘नॉर्मल’ हा शब्द दिलासा देणारा नसून उलट चुकीच्या वाटेला नेणारा ठरू शकतो.

समजा ताडून पाहिल्यावर नमुना खरोखर गर्भाचाच निघाला आणि गुणसूत्रे खरोखर बरोबर होती. मग नजर गर्भाशयाकडे वळवणे योग्य आहे, आणि पेशीविज्ञानाने गेल्या काही वर्षांत सर्वात जास्त उजेड पाडला आहे तो इथेच.

दर महिन्याला प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाखाली गर्भाशयाच्या अस्तरातील लांबट आधारपेशी फुगतात, गोलसर होतात, स्राव सोडू लागतात. हाच तो डेसिड्युआ. त्यात काही पेशी अकाली वृद्ध होतात आणि आजूबाजूला दाह पसरवतात. त्यांना वेळेवर उचलून नेण्याचे काम गर्भाशयातल्या नॅचरल किलर पेशी करतात. त्यांच्या नावातल्या ‘किलर’ या शब्दाने किती बायकांना घाबरवले आहे याची गणती नाही. रक्तात फिरणाऱ्या याच नावाच्या पेशी आणि गर्भाशयातल्या पेशी यांचे वागणे वेगळे आहे. गर्भाशयातल्या पेशी गर्भाला मारत नाहीत. अस्तराची साफसफाई करतात आणि वारेला रक्त पुरवणाऱ्या नागमोडी धमन्या रुंद करायला मदत करतात. २०१८ मध्ये पहिल्या तिमाहीतील वार आणि अस्तर यांच्या सुमारे ७०,००० पेशी एकेक करून वाचल्या गेल्या, तेव्हा या किलर पेशींचे तीन उपप्रकार आणि वारेच्या पेशींशी चाललेला त्यांचा रासायनिक संवाद दिसून आला. त्याच वर्षी वारेच्या पेशींपासून प्रयोगशाळेत ऑर्गनॉइड, म्हणजे वारेची सूक्ष्म प्रतिकृती, वाढवणेही जमले. आता अस्तर आणि वार यांचा संवाद बिघडतो तो कुठल्या टप्प्यावर, हे बाईच्या शरीराला हात न लावता पाहता येते. हे संशोधन मला मनापासून महत्त्वाचे वाटते. पण त्यातून आज तुमच्या हाती देता येईल अशी चाचणी किंवा औषध अजून आलेले नाही. रक्तातील किलर पेशी मोजून त्यावर उपचार ठरवणे तर याच संशोधनाच्या विरुद्ध जाणारे आहे.

आता सुचवलेल्या तीन उपचारांकडे येते.

हेपॅरिन आठव्या आठवड्यातील गर्भपातासाठी देताना ‘वारेत रक्ताची गुठळी झाली असावी’ असे कारण सांगितले जाते. पण त्या काळात आईचे रक्त वारेच्या पोकळीत मोकळेपणाने शिरतच नसते. वारेच्या पेशी धमन्यांच्या तोंडाशी बूच लावल्यासारख्या बसलेल्या असतात आणि ती बुचे दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास सुटतात. तोवर गर्भ कमी प्राणवायूतच वाढतो. तशीच त्याची घडण आहे. प्रत्यक्ष चाचण्यांनीही हेच दाखवले. कारण न सापडलेल्या वारंवार गर्भपातांत अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनचा फायदा २०१० च्या चाचणीत दिसला नाही. रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष असलेल्या ३२६ स्त्रियांवरील चाचणीचा निकाल २०२३ मध्ये आला: हेपॅरिन घेणाऱ्यांत ७१.६ टक्के, न घेणाऱ्यांत ७०.९ टक्के जिवंत जन्म. रोज पोटावर सुई टोचून घेण्यासाठी एवढा फरक पुरेसा नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो ठळकपणे सांगायला हवा. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम असेल, म्हणजे शरीर स्वतःविरुद्धच प्रतिपिंडे तयार करून रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवत असेल, तर अ‍ॅस्पिरिनबरोबर हेपॅरिन देणे हाच मान्य उपचार आहे. १९९७ च्या चाचणीत नुसत्या अ‍ॅस्पिरिनने ४२ टक्के आणि दोन्ही मिळून ७१ टक्के जिवंत जन्म झाले. इथेही हेपॅरिन केवळ रक्त पातळ करून काम करते असे नाही. २००४ मधील उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की त्या प्रतिपिंडांमुळे वारेवर होणारा कॉम्प्लिमेंट (प्रतिकारशक्तीच्या) प्रथिनांचा हल्ला हेपॅरिन रोखते. रक्त गोठू न देणाऱ्या इतर औषधांनी ते साधले नाही. म्हणून या सिंड्रोमच्या तीन प्रतिपिंडांची तपासणी तुमच्या बाबतीत आवश्यक आहे, आणि निकाल सकारात्मक आला तर निदान १२ आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा करायची. एखादा साधा संसर्ग झाला तरी ती काही काळ वाढलेली दिसू शकतात, त्यामुळे एकाच निकालावर निदान करू नये.

प्रोजेस्टेरॉनचे उत्तर थोडे बारकाईने द्यावे लागते. कारण न सापडलेल्या वारंवार गर्भपातांत, रक्तस्राव नसताना सरसकट दिलेल्या प्रोजेस्टेरॉनची चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ८३६ स्त्रिया होत्या, औषधाने ६५.८ टक्के आणि प्लासिबोने, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसाने, ६३.३ टक्के जिवंत जन्म झाले. हा फरक ठोस मानता येत नाही. पण त्यातला दुसरा आकडा पुन्हा वाचा. त्या सगळ्या स्त्रियांचे आधी तीन किंवा अधिक गर्भपात झालेले होते, आणि नुसत्या प्लासिबोवर त्यांच्यापैकी जवळजवळ दोन तृतीयांश जणींच्या हाती बाळ आले. २०१९ मध्ये गर्भधारणेच्या सुरुवातीला रक्तस्राव झालेल्या ४,१५३ स्त्रियांवर चाचणी झाली. एकूण फरक ७५ विरुद्ध ७२ टक्के असा किरकोळ होता. मात्र आधी तीन किंवा अधिक गर्भपात झालेल्या गटात तो ७२ विरुद्ध ५७ टक्के होता आणि एक-दोन गर्भपात झालेल्यांतही फायद्याकडे कल दिसला. म्हणून पुढच्या गर्भधारणेत तुम्हाला रक्तस्राव झाला आणि गर्भ गर्भाशयातच असल्याची खात्री झाली, तर योनीमार्गे प्रोजेस्टेरॉन घेण्याला माझा पाठिंबा आहे. रक्तस्राव नसताना ते घेतल्याने मोठे नुकसान नाही, पण त्यावर विसंबून तपासण्या टाळू नयेत.

पतीच्या पांढऱ्या पेशींची ‘लस’ मात्र घेऊ नका. १९८५ मधील एका लहान चाचणीने या उपचाराविषयी आशा निर्माण केली होती. १९९९ मध्ये अधिक काटेकोर चाचणी झाली, तेव्हा लस घेतलेल्यांत यशाचे प्रमाण ३६ टक्के आणि प्लासिबो घेतलेल्यांत ४८ टक्के निघाले. दुसऱ्याच्या रक्तपेशी शरीरात टोचण्याचे धोके निराळेच.

गर्भपात टाळण्यासाठी पुराव्याआधी औषध देण्याची किंमत या क्षेत्राने पूर्वी मोजली आहे. डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन १९३८ मध्ये तयार झाले आणि गर्भ टिकावा म्हणून असंख्य गर्भवतींना दिले गेले. त्याचा उपयोग होत नाही हे १९५३ च्या शिकागोतील चाचणीत दिसले होते. तरीही ते दिले जात राहिले. १९७१ मध्ये, ज्यांच्या मातांनी ते घेतले होते अशा तरुण मुलींत योनीमार्गाचा एक विरळ कर्करोग आढळत असल्याचे प्रसिद्ध झाले. मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला हे सांगते, कारण दुःखात असलेल्या माणसाला काहीतरी देण्याची इच्छा डॉक्टरला फार सहज पुराव्यापलीकडे नेते.

तपासण्यांबद्दल थोडक्यात. वर सांगितलेले प्रतिपिंड, थायरॉइडची चाचणी आणि गर्भाशयाचा आकार पाहणारी त्रिमितीय सोनोग्राफी एवढ्या करा. पती-पत्नीची गुणसूत्रे सरसकट तपासण्याऐवजी गर्भाच्या नमुन्यात तुकड्यांची अदलाबदल दिसली किंवा नमुनाच मिळाला नाही तर तपासावीत. गर्भाशयात पडदा आढळला तर शस्त्रक्रियेची घाई करू नका. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत पडदा कापून फायदा दिसला नाही, तेव्हा निर्णय सावकाश आणि दुसरे मत घेऊन व्हावा.

आता रुग्णालयाबद्दल, कारण इतके सारे विज्ञान शेवटी वॉर्डातल्या एका बाटलीवर येऊन अडते. माझ्या उमेदीच्या काळात मी जिथे काम करत होते, तिथे एका बाईचा तिसरा गर्भपात मध्यरात्री झाला. नमुना जपून ठेवा, असे मी फोनवर सांगितले होते. सकाळी गेले तेव्हा तो खरोखरच जपून ठेवलेला होता, पण फॉर्मालिन या ऊती टिकवणाऱ्या रसायनात. त्या खोलीत दुसरी बाटलीच नव्हती. फॉर्मालिनमध्ये पेशी मरतात, मग त्या वाढवता येत नाहीत, आणि डीएनएही तुकड्यातुकड्यांचा होतो. त्या बाईला मी काहीही सांगू शकले नाही, आणि ती काहीच न विचारता उठून गेली, हे आजही आठवते. त्यानंतर आम्ही दोन बाटल्यांची पेटी तयार केली: एक निर्जंतुक सलाईनची, गुणसूत्रांसाठी, दुसरी फॉर्मालिनची, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी. दुसरीही तितकीच गरजेची आहे, कारण द्राक्षगर्भासारखा (वारेची विकृत वाढ) आजार तिच्यातूनच कळतो आणि तो निसटणे धोक्याचे असते. पेटीवर मोठ्या अक्षरांत ‘आईचे रक्तही पाठवा’ असे लिहिले.

पुढच्या वेळी काय व्हावे तेही सांगते, आणि ती वेळ तुमच्यावर येऊ नये असे मनापासून वाटते. गर्भ थांबला असे सोनोग्राफीवरून ठरवताना घाई चालत नाही. योनीमार्गे केलेल्या तपासणीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा अधिक असून ठोके नसतील, किंवा गर्भाभोवतीच्या पिशवीचा (सॅक) सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा अधिक असून आत गर्भ नसेल, तरच ते निदान पक्के धरतात, आणि तेही दुसऱ्या जाणकाराने पाहिल्यावर किंवा तपासणी पुन्हा केल्यावर. पूर्वी याहून लहान मापे वापरली जात. काही चालू असलेल्या गर्भधारणाही त्या मापांत सापडू शकतात हे लक्षात आल्यावर २०११ नंतर ती बदलली. मापे याच्या आत असतील तर सात ते चौदा दिवसांनी पुन्हा पाहण्याचा आग्रह धरा. हे दिवस फार जड जातात, पण गर्भ थांबला असेल तर वाट पाहिल्याने तुमच्या प्रकृतीचे सहसा नुकसान होत नाही. पोटात एका बाजूला तीव्र वेदना, खांद्यात दुखणे किंवा चक्कर असेल तर मात्र थांबायचे नाही. गर्भ नलिकेत असण्याची शक्यता त्याच क्षणी तपासली गेली पाहिजे.

निदान पक्के झाल्यावर वाट पाहणे, औषध घेणे आणि शस्त्रक्रिया हे तीनही मार्ग खुले असतात. २००६ मध्ये १,२०० स्त्रियांवर झालेल्या ब्रिटिश चाचणीत तिन्ही मार्गांत संसर्गाचे प्रमाण २ ते ३ टक्केच होते; वाट पाहिलेल्यांपैकी पुष्कळ जणींना नंतर अचानक शस्त्रक्रिया मात्र लागली. निवड तुमची असावी. पण गुणसूत्रांची तपासणी हवी असेल तर व्हॅक्यूमने काढलेल्या नमुन्यात व्हिलाय चांगले मिळतात, हे निवडण्याआधी तुम्हाला कोणीतरी सांगितले पाहिजे. घरी गर्भपात झाला तर पडलेला भाग स्वच्छ डब्यात, जमल्यास सलाईनमध्ये, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही, आणि लवकरात लवकर पोहोचवा. असे करणे भावनिकदृष्ट्या किती अवघड आहे याची मला जाणीव आहे; ज्यांना जमत नाही त्यांनी स्वतःला बोल लावू नये.

मनाची काळजी हा उपचाराचाच भाग आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील अभ्यासात सुरुवातीच्या काळात गर्भ गमावलेल्या स्त्रियांपैकी २९ टक्के जणींत महिन्याभराने आघातोत्तर तणावाची लक्षणे होती आणि नऊ महिन्यांनीही १८ टक्के जणींत ती टिकून होती. ‘अजून वय आहे, पुन्हा होईल’ एवढे बोलून बाईला घरी पाठवणे हे काळजी घेणे नव्हे. झोप उडाली असेल, तोच प्रसंग डोळ्यांसमोर येत असेल, सोनोग्राफीच्या खोलीत शिरताना छाती धडधडत असेल, तर तेही डॉक्टरांना तितक्याच स्पष्टपणे सांगा.

येत्या आठवड्यात करण्यासारखी कामे दोन. दुसऱ्या गर्भपाताचा नमुना ज्या प्रयोगशाळेत गेला, तिथे लेखी विचारा: नमुन्यात व्हिलाय दिसले होते का, आईच्या पेशींची भेसळ तपासली होती का, आणि डीएनए किंवा पेशी साठवलेल्या आहेत का. असतील तर तुमचे रक्त देऊन ताडून पाहायला सांगा. दुसरे काम पहिल्या गर्भपाताचे. तेव्हा क्युरेटिंग झाले होते, म्हणजे ऊती बहुधा सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी गेल्या असणार, आणि अशा तपासणीनंतर उरलेले, ऊती जपलेले मेणाचे ठोकळे रुग्णालये सहसा बरीच वर्षे सांभाळतात. ठोकळ्यातील डीएनए तुटका असतो, तरी त्यातले व्हिलाय वेचून आजच्या पद्धतींनी गुणसूत्रांची संख्या अनेकदा कळू शकते. विकृतिशास्त्र विभागात नोंदणी क्रमांक देऊन तो ठोकळा मागा. ही उत्तरे हाती आल्यावर, पुढची गर्भधारणा ठरवण्याआधी, सर्व कागद घेऊन डॉक्टरांसमोर पुन्हा बसा. हेपॅरिनचा निर्णय त्या दिवशी, प्रतिपिंडांचे निकाल समोर ठेवून घ्या.